दुर्मीळ कोणाला म्हणावे? : काचपट्टीवरून झालेली काही रोगनिदाने

(नेदरलँड्समधील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुर्मीळ आणि चमत्कारिक वाटणाऱ्या रोगांचे निदान विकृतिशास्त्र कसे करते, हा विषय संयोजकांनी आमच्याकडे सोपविला आहे. वर्षातून एकदा सगे-सोयरे भेटावयाचे, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यावयाचा, आणि अशा वेळी कोणी शवविच्छेदनाच्या गोष्टी सांगावयास उभे राहावयाचे, हे काहींना रुचणार नाही याची आम्हास जाणीव आहे. परंतु पॅथॉलॉजी म्हणजे केवळ मृतांचे शास्त्र नव्हे. रक्ताचा एक थेंब, मांसाचा तिळाएवढा तुकडा, काचेवर पसरून रंगविलेला एक पातळ छेद, यांवरून आजाराचे नाव ठरते. आणि नाव ठरल्यावाचून औषध ठरत नाही. या शास्त्राची प्रगती मोठ्या सिद्धांतांनी झाली तशीच, किंबहुना अधिक, एकेका रुग्णाच्या बारकाईने लिहून ठेवलेल्या हकिकतीने झाली आहे. अशा काही हकिकती आज आपणांसमोर ठेवावयाच्या आहेत. त्यांतील शेवटची आपल्या घरातली आहे, म्हणून तिला अधिक वेळ देऊ.

ज्या देशात आपण राहतो, त्याच देशातून आरंभ करू. लायडनच्या विद्यापीठात हेर्मान बूरहाव्हे नावाचे वैद्यकाचार्य होऊन गेले. त्यांची व्याख्याने ऐकण्यास साऱ्या युरोपातून विद्यार्थी येत. १७२३ साली बॅरन व्हान वासेनार हे बडे दर्यासारंग भरपेट जेवणानंतर ओकारीचे औषध घेऊन ओकण्याचा प्रयत्न करीत असता छातीत काहीतरी फाटल्यासारखी विलक्षण वेदना उठून एका दिवसाच्या आत दगावले. बूरहाव्हे यांनी देह उघडून पाहिला. छातीच्या पोकळीत हवा आणि द्रव भरलेला होता, त्यावर ऑलिव्ह तेल तरंगत होते आणि भाजलेल्या बदकाचा वास येत होता. अन्ननलिका आडवी फाटून जेवण छातीत उतरले होते! पुढच्याच वर्षी, १७२४ साली, त्यांनी ही एकाच रोग्याची हकिकत पुस्तिकेच्या रूपाने छापली. हा विकार आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मात्र त्यावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया व्हावयास १९४७ साल उजाडावे लागले. निदान आणि उपचार यांच्यात असे दोनशे-सव्वादोनशे वर्षांचे अंतर पडू शकते. म्हणून निदान निरुपयोगी ठरत नाही. वाट कोठून काढावयाची हे तेच दाखविते.

दुसरी हकिकत अ‍ॅम्स्टरडॅमची. ती आम्हास अधिक हृदयस्पर्शी वाटते. २७ डिसेंबर १९३० रोजी डॉ. योआनेस कॅसियानस पोम्पे या तिशीही न ओलांडलेल्या डॉक्टरांनी सात महिन्यांच्या एका मुलीचे शवविच्छेदन केले. मुलीचे हृदय वयाच्या मानाने अवाढव्य वाढले होते. त्या काळी अशा मृत्यूस 'अज्ञात कारणाने झालेली हृदयवृद्धी' असे नाव देऊन कागद मिटविण्याचा प्रघात होता. 'अज्ञात कारण' हे आमच्या शास्त्रातील सर्वांत आळशी विशेषण होय. पोम्पे तेथे थांबले नाहीत. हृदयाच्या स्नायूचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा स्नायुतंतूंच्या जागी जणू जाळी विणलेली दिसली. प्रत्येक पेशीच्या पोटात पोकळ्याच पोकळ्या. त्या पोकळ्यांत ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर, ठासून भरलेली होती. आणि ती केवळ हृदयात नव्हे, तर शरीराच्या बहुतेक सर्व अवयवांत होती.

येथे धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्लायकोजेन पाण्यात विरघळते. ऊतकाचा तुकडा योग्य द्रवात ठेवला नाही तर बराचसा साठा धुऊन जातो आणि काचपट्टीवर उरतात ती नुसती रिकामी भोके. रिकामे भोक पाहून 'येथे काही नाही' असे म्हणणारे पुष्कळ असतात. 'येथे काय होते?' असा प्रश्न ज्यास सुचतो, तो खरा पॅथॉलॉजिस्ट.

पोम्पे यांनी १९३२ साली हे प्रकरण प्रसिद्ध केले आणि पुढे त्यावरच प्रबंध लिहिला. साखर साठते का, हे मात्र त्यांस कळणे शक्य नव्हते. १९५५ साली बेल्जियममधील क्रिस्तियान द द्यूव्ह यांनी पेशीतील लायसोसोम, म्हणजे पेशीची जणू केरकचरा पचविणारी कोठडी, दाखवून दिली. १९६३ साली तेथीलच एर्स यांनी या कोठडीतील एक विशिष्ट एन्झाइम पोम्पे-रोगात नसते असे सिद्ध केले. मग ते एन्झाइम बाहेरून देता येईल का, याचा शोध सुरू झाला. १९९९ साली रॉटरडॅममध्ये चार तान्ह्या बाळांना हे एन्झाइम देण्यात आले. ते मिळविले होते कशातून? जनुक बदललेल्या सशिणीच्या दुधातून. ससा हा येथील मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांतला नायक. त्याने असेही उपकार केले आहेत. २००६ साली प्रयोगशाळेतील पेशींत तयार केलेल्या एन्झाइमला युरोपात व अमेरिकेत मान्यता मिळाली.

हे पाहावयास पोम्पे नव्हते. जर्मन आक्रमणाच्या काळात ते प्रतिकार-चळवळीत सामील झाले होते. अ‍ॅम्स्टरडॅमच्या इस्पितळातील त्यांच्या प्रयोगशाळेच्या आवारात गुप्त बिनतारी यंत्र ठेवलेले होते. १९४५ च्या फेब्रुवारीत ते पकडले गेले, आणि देश मुक्त होण्यास तीन आठवडेही उरले नसताना, १५ एप्रिल १९४५ रोजी, त्यांना इतर कैद्यांसह गोळ्या घालण्यात आल्या. येथील वैद्यकीय विद्यार्थी रोगाचे नाव पाठ करतात. ते नाव ज्याचे, त्या माणसाचा शेवट किती जणांस ठाऊक असतो, कोण जाणे.

आता मुंबईकडे वळू. परळचे के. ई. एम. रुग्णालय आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. तेथे १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांच्यासमोर रक्तगटाचे एक कोडे आले. नेहमीच्या चाचणीत रक्त 'ओ' गटाचे दिसावे, पण 'ओ' गटाचे रक्त त्यात मिसळताच गुठळ्या व्हाव्यात! 'ओ' म्हणजे सर्वांस चालणारे रक्त, असे आपण शाळेत शिकलो. येथे ते चालत नव्हते. 'ए' आणि 'बी' हे दोन्ही गुणधर्म ज्या पायावर उभे राहतात, तो 'एच' नावाचा पायाच या माणसांच्या रक्तात नव्हता. 'लॅन्सेट'मध्ये ही प्रकरणे प्रसिद्ध झाली आणि जगातील पाठ्यपुस्तकांत आपल्या शहराचे नाव चढले : बॉम्बे रक्तगट. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे बदलले नाही. मुंबईच्या परिसरात सुमारे दहा हजारांत एक माणूस या गटाचा सापडतो असे मानतात. युरोपात दहा लाखांत एखादा. अशा माणसास केवळ त्याच गटाचे रक्त चालते. येथे अ‍ॅम्स्टरडॅमला 'सॅन्क्विन' या रक्तसंस्थेत दुर्मीळ गटांचे रक्त गोठवून ठेवण्याची व्यवस्था आहे. आपणांपैकी कोणास भारतात कधी 'तुमचा गट बॉम्बे आहे' असे सांगितले गेले असेल, तर ती माहिती येथील डॉक्टरांच्या नोंदीत आलीच पाहिजे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती शोधावयास वेळ नसतो.

या रक्तगटाच्या कथेतून एक विचार पुढे येतो. 'दुर्मीळ' हा शब्द रोगाचा गुण सांगत नाही, तो पाहणाऱ्याचे ठिकाण सांगतो. जे परळला अधूनमधून दिसते ते उट्रेख्तला अद्भुत ठरते. आणि जे आमच्या नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत घरटी दिसते, ते ग्रोनिंगनच्या एखाद्या खेड्यातील डॉक्टरने उभ्या आयुष्यात पाहिलेले नसते. आमचा रोख कोणीकडे आहे हे विदर्भातील मंडळींच्या ध्यानी आलेच असेल. तो सिकलसेलकडे आहे.

तांबड्या पेशीचा इतिहासही एका अर्थी याच भूमीत सुरू होतो. डेल्फ्टचा कापड-व्यापारी आन्तोनी व्हान लेवेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगांतून १६७४ साली रक्तातील गोल कणांचे वर्णन केले. गोल नसलेला कण दिसावयास आणखी सव्वादोनशेहून अधिक वर्षे गेली. १९०४ साली शिकागो येथे ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकावयास आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल हा कृष्णवर्णीय विद्यार्थी खोकला, ताप व अशक्तपणा घेऊन इस्पितळात आला. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण निवासी डॉक्टरला त्याच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी काही वर्षे रुग्णावर लक्ष ठेवून १९१० साली ही हकिकत छापली. एकच रुग्ण, एकच लेख. नोएल मायदेशी परतला, दंतवैद्य म्हणून काम करू लागला आणि १९१६ साली फुप्फुसाच्या विकाराने वारला. पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले. तो शेकडो दुव्यांच्या साखळीतील एका दुव्याचा बदल आहे, हे काही वर्षांनी इन्ग्रॅम यांनी सिद्ध केले. प्राणवायू कमी झाला की हे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून दांडे बनते, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हाडे फुटावीत तशी वेदना होते.

भारतात १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांस निलगिरीच्या आदिवासींत या पेशी आढळल्या. नागपूरचे डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात पूर्वाश्रमीच्या महारांचा, म्हणजे आपलाच, समावेश होता. काही संशोधकांनी निलगिरीतील शोध एका प्राचीन 'वंशा'शी जोडला, आणि रक्ताच्या चाचणीवरून जातीचा वंश शोधण्याची हौस काही काळ बळावली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यांचा वंश निराळा असल्याची कल्पना मानववंशशास्त्रातील मोजमापांच्याच आधारे खोडून काढली होती, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. सिकलसेलचे खरे स्पष्टीकरण अ‍ॅलिसन यांच्या १९५४ च्या संशोधनात आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेले मूल, ज्यास आपण वाहक म्हणतो, ते हिवतापाच्या घातक तडाख्यातून अधिक वाचते. जेथे हिवतापाचे रान तेथे हे जनुक टिकले. म्हणूनच ते गोंडांत आहे, सातपुड्याच्या भिल्ल-पावऱ्यांत आहे, बौद्धांत आहे, कुणबी-तेल्यांतही आहे. ही हिवतापाची निशाणी होय, जातीची नव्हे.

जातीचा संबंध येतो तो निराळ्या ठिकाणी. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म जातीतल्या जातीत विवाह हे सांगितले. हिशेब करून पाहा. समजा, एखाद्या समाजात पाचांत एक माणूस वाहक आहे. विवाह केवळ त्याच समाजात होत असतील तर पंचवीस जोडप्यांपैकी सरासरी एका जोडप्यात दोघेही वाहक येणार, आणि त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. बाहेर, जेथे हे जनुक नाही तेथे, विवाह झाला तर मुले वाहक होऊ शकतील, रोगी होणार नाहीत. मात्र येथे एक सावधगिरी हवी. सिंधी, पंजाबी, लोहाणा इत्यादी समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक पुष्कळ आहेत. एक पालक सिकलचा व दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मूल सिकलसेलसारखेच आजारी पडू शकते. तेव्हा आंतरजातीय विवाह जरूर करावा, पण तो रक्ताच्या चाचणीला पर्याय नव्हे.

आता या देशातील अडचण पाहू. येथील नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेण्याची पद्धत, जिला 'हीलप्रिक' म्हणतात, १९७४ पासून देशभर आहे. तीत सिकलसेलचा समावेश २००७ साली झाला. म्हणजे २००७ पूर्वी येथे जन्मलेले, तसेच भारतातून कोणत्याही वयात आलेले आपण सारे या चाळणीतून गेलेलो नाही. शिवाय येथील डॉक्टरांच्या मनात सिकलसेल म्हटले की सुरीनाम, क्युरासाव किंवा आफ्रिका येथील कृष्णवर्णीय रुग्ण उभा राहतो. भारतीय चेहरा पाहून ते मधुमेहाचा विचार करतात, 'ड' जीवनसत्त्वाचा करतात, सिकलसेलचा क्वचितच करतात. मुलाचे पाय दुखतात म्हणून आपण हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेलो, की पॅरासिटामॉल घेऊन आठवडाभर वाट पाहण्याचा सल्ला मिळतो. बहुतेक आजारांत तो सल्ला उत्तमच असतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र सिकलसेलच्या मुलाचा ताप ही वाट पाहण्याची गोष्ट नव्हे. त्याची प्लीहा निकामी होत असल्याने जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

प्लीहा, म्हणजे आपली पानथरी, हिच्याविषयी थोडे अधिक बोलावयास हवे, कारण येथेच अनुभवी डॉक्टरही चकतात. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत पानथरी बालपणीच आकसून नाहीशी होते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. आमच्याकडील जनुकाचा 'अरब-भारतीय' म्हणून ओळखला जाणारा प्रकार निराळा वागतो. या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुढेही बऱ्याच प्रमाणात टिकते. त्यामुळे कित्येकांची पानथरी मोठेपणीही हातास लागते. पोटात मोठी पानथरी आणि अंगात रक्त कमी, हे पाहून हिवताप, काळा आजार, क्वचित रक्ताचा कर्करोगही मनात येतो, आणि साधी सिकलची चाचणी राहून जाते. भारतीय प्रकार सौम्य असतो असेही पुस्तकांत लिहिलेले असते. ते सरासरीने खरे असेल. नागपूरच्या वॉर्डात हिवाळ्याच्या रात्री हातपाय धरून विव्हळणाऱ्या पोरास सरासरीचा काय उपयोग?

प्रयोगशाळेतही फसगत होते. जुन्या पद्धतीच्या विद्युत्-चाचणीत सिकलचे हिमोग्लोबिन आणि 'डी-पंजाब' नावाचे दुसरे हिमोग्लोबिन एकाच जागी येऊन थांबतात. एक धोक्याचे, दुसरे एकटे असता निरुपद्रवी. दोहोंतील भेद दाखवावयास दुसरी चाचणी करावी लागते, आणि रुग्ण कोठला हे ठाऊक असेल तरच ती करण्याची बुद्धी होते. उलट कधी अवचित लाभही होतो. मधुमेहासाठी आपण तीन-सहा महिन्यांनी 'एचबीएवनसी' करवितो. हे हिमोग्लोबिन वेगळे काढण्याचे काम १९५८ साली डच संशोधक टायटस हाउसमान व सहकाऱ्यांनी केले. याच चाचणीच्या आलेखावर एखाद्या वेळी अनपेक्षित शिखर उमटते आणि पन्नाशीच्या गृहस्थास प्रथमच कळते की आपण वाहक आहोत. अशा वेळी साखरेचा आकडाही चुकीचा येऊ शकतो. तेव्हा अहवालाखाली 'हिमोग्लोबिनचा निराळा प्रकार आढळला' अशा अर्थाची ओळ असेल तर ती वाचल्यावाचून कागद फाइलमध्ये ठेवू नये.

वाहक हा रोगी नव्हे, हे आम्ही शंभर वेळा सांगू. लग्नाच्या बोलण्यांत ही गोष्ट लपविली जाते, मुलीची असेल तर अधिकच लपविली जाते, आणि कळली तर सोयरीक मोडते. ज्या समाजाने स्पर्शाचा कलंक अंगावरून झटकला, त्याने रक्ताच्या एका अहवालास कलंक मानावे हे आम्हास समजत नाही. दोघांनी लग्नाआधी किंवा मूल होण्याआधी चाचणी करावी. दोघेही वाहक निघाले तरी मार्ग बंद होत नाहीत : गर्भाची तपासणी आहे, जन्मताच निदान आहे, पेनिसिलिन व लसी आहेत, हायड्रॉक्सीयुरिया आहे. लहान मुलांस रोज पेनिसिलिन दिल्याने गंभीर संसर्ग किती तरी घटतो, हे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीने सिद्ध केले. पण ज्याचे निदानच झाले नाही त्यास ते कोण देणार? जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचारास २०२४ च्या आरंभी युरोपात सशर्त मान्यता मिळाली आहे. त्याची किंमत पाहता गडचिरोलीच्या मुलापर्यंत तो कधी पोहोचेल हे सांगवत नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबतो. हाउसआर्ट्सकडे जाताना केवळ 'आम्ही भारतीय' असे सांगू नये. आमचे कुटुंब मध्य भारतातील, विदर्भातील आहे, तेथे सिकलसेल पुष्कळ आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि 'हेमोग्लोबिनोपथी' तपासणी मागावी. रक्ताची एक नळी पुरते. लायडनच्या विद्यापीठ-रुग्णालयात या विकारांच्या जनुकतपासणीचे काम अनेक वर्षांपासून चालते. कोडे अवघड असेल तर नमुना तेथे पाठविता येतो. गरोदरपणी हीच गोष्ट सुईणीस पहिल्याच भेटीत सांगावी. ज्या मुलास रोग आहे त्याच्या शाळेत आणि पोहण्याच्या वर्गात लेखी कळवावे. येथे प्रत्येक मूल पोहावयास शिकते, शिकावेच, पण गार पाण्यातून निघून ओल्या अंगाने सायकलवर घरी येणे या मुलास वेदनेचे निमित्त होऊ शकते. अंग पुसून गरम कपडे, आणि भरपूर पाणी पिणे, एवढ्याने पुष्कळ टळते. भारतात १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून तीत तपासणी झालेल्यांस कार्ड दिले जाते. गावी भाऊ-बहिणींस असे कार्ड मिळाले असेल तर त्याची प्रत मागवून घ्यावी, व त्यावरील मजकूर डच भाषेत उतरवून आपल्या डॉक्टरांकडे द्यावा. भाषांतरास अडचण असेल त्यांनी जेवणानंतर आम्हास भेटावे. कागद बरोबर आणला नसेल तर टपालाने पाठविला तरी चालेल.